डब्याची दुपारची झोप

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण एका गरीब माणसाला मी बारा दिवस विनाकारण झाडलं, आणि मग त्याच्यासमोर खाली मान घालून उभी राहिले, ते सगळं यात येणार आहे. अमरावतीला माहेरी माझ्या रागाला 'हिचा पारा' म्हणायचे. लग्न होऊन अकोल्याला आले आणि पाऱ्याला साजेसं गाव मिळालं.

मी जुन्या जमिनीच्या कागदांची भाषांतरं करते. आजोबांनी केलेलं खरेदीखत, पणजोबांचं वाटणीपत्र, शाई उडालेली, घडीवर फाटलेली, असे कागद लोक पिशवीत गुंडाळून आणतात. ते वाचून मी इंग्रजीत लिहून देते. माहेरी वडील वकील, सासरी नवरा वकील, त्यामुळे वाईट अक्षर वाचण्यात माझा हात कोणी धरणार नाही. वीस वर्षं हे काम मी घरी जेवणाच्या टेबलावर केलं. एकदा बार्शीटाकळीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या वाटणीपत्रावर बरोबर सहीच्या शेजारी वरणाचा डाग पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कागद नाकाशी नेला, वास घेतला आणि शांतपणे विचारलं, "तुरीचं हाय काय?"

त्याच आठवड्यात मी ऑफिस घ्यायचं ठरवलं.

नवरा म्हणाला, "घरी टेबल आहे, पंखा आहे, नेट आहे, चहा आहे. काय कमी आहे?"

"दार," मी म्हटलं.

जुन्या शहरात एका बंद पडलेल्या कापड दुकानाच्या वर एक खोली मिळाली. दहा बाय बारा, एक खिडकी, आणि दाराला पितळी कुलूप. त्या कुलपाची किल्ली हातात आली तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि माझ्या एकटीच्या मालकीची अशी ती पहिलीच किल्ली. घराची होती, कपाटाची होती, पण त्या सगळ्या चारचौघांत फिरणाऱ्या. ही मी पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवायचे आणि बसल्या बसल्या हात घालून आहे ना ते बघायचे. लाज वाटते सांगायला, पण बघायचे.

खोली परवडणार होती ती पुण्याच्या एका ऑफिसच्या भरवशावर. बँकांसाठी जमिनींचे जुने कागद तपासायचं त्यांचं काम. वऱ्हाडातले कागद वाचायला त्यांना माणूस हवं होतं. मे महिनाभर काम करून दाखवायचं, जमलं तर कायमचं. अट एकच होती. अकोल्याची, अमरावतीची माणसं सकाळी अकराला मूळ कागद घेऊन माझ्याकडे येतील, मी त्यांच्या समोर स्कॅन करून कागद परत द्यायचे, आणि स्कॅन व त्यातल्या मुख्य मजकुराचं भाषांतर एकत्र जोडून दुपारी चारच्या आत पुण्याला पोचवायचं. इकडे खोलीच्या मालकाकडे मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण ती खोली मागत होता. मे संपेपर्यंत थांबा, मी मालकाला म्हटलं. पुण्याचं काम टिकलं तर खोली ठेवीन, नाही तर तुमची किल्ली तुम्हाला. बोलताना ताठ बोलले.

आता राहिलं इंटरनेट. मला वाटलं, त्यात काय एवढं.

एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. गळ्यात पट्टा, हातात टॅब. त्यानं खोलीभर नजर फिरवली, म्हणजे जागच्या जागी एकदा मान वळवली, आणि विचारलं, "मॅडम, स्टाफ किती?"

"मी."

"टोटल?"

"मी आणि पंखा."

तो हसला नाही. ऑफिस म्हटलं की धंद्याचा प्लॅन घ्यावा लागतो म्हणाला, आणि त्यानं जो महिन्याचा आकडा सांगितला तो ऐकून मला खोलीचं भाडं स्वस्त वाटायला लागलं. मी म्हटलं, हीच खोली मी घर म्हणून सांगितली तर? तो म्हणाला, घरात स्वयंपाकघर लागतं. मी कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवलं. त्यानं टॅब बंद केला.

मग मोबाइलच्या नेटवर काम चालवायचं ठरवलं. खोली दोन उंच इमारतींच्या बेचक्यात, सिग्नल फक्त खिडकीच्या गजाशी. फोन तिथे सुतळीनं बांधला. एप्रिलची अखेर होती. साठ पानांचं खरेदीखत निम्मं गेलं की फोनच्या पडद्यावर सूचना यायची की मी तापलोय, थंड झाल्यावर बोला. अकोल्यात फोनसुद्धा माणसासारखे वागतात. मग मी तो बंद करून माठाच्या झाकणावर ठेवायचे, वर ओला नाही पण सुती रुमाल, आणि अर्धा तास आराम द्यायचे.

हे सगळं बघायला समोर असायच्या फुलवाल्या मावशी. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं बैठं घर. बार्शीटाकळीच्या रस्त्याला त्यांचा मळा, तिथून पहाटे झेंडू, शेवंती, गलांडा यायचा, आणि मावशी दिवसभर ओट्यावर बसून हार करायच्या. साठीच्या पुढच्या, अंगानं बारीक, आवाज मात्र गल्लीभर. मला त्या 'वकिलीनबाई' म्हणत. मी वकील नाही, नवरा वकील आहे, हे मी दोनदा सांगून पाहिलं. "एकच झालं ना," त्या म्हणाल्या.

एक दिवस चहा द्यायला वर आल्या आणि माठावरचा फोन बघून थबकल्या.

"अवं बाप्पा, हे काय करून राहिल्या?"

"तापला तो, मावशी. गरम झाला की बंद करून ठेवायचा. आराम दिला की मग नीट चालतो. सगळ्या यंत्रांचं असंच."

हे शेवटचं वाक्य मी उगाच बोलले. शिकवायची खोड. मावशींनी मात्र ते अगदी मन लावून ऐकलं.

त्याच सुमारास अमरावतीला भाचीच्या साखरपुड्याला गेले. भावाच्या ऑफिसात सुसाट नेट चालू होतं. मी विचारलं, केवढ्याला? त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मला त्याचा रागच आला. तो मला गच्चीवर घेऊन गेला. एक काळी वायर तीन घरांच्या गच्च्यांवरून उड्या मारत आली होती. केबलवाल्याकडून घ्यायचं, तो म्हणाला. मध्ये कोणाच्या तरी घरी त्याचा डबा बसतो, त्या घराची वीज वापरतो, त्या बदल्यात त्या घराला नेट फुकट. "तुमच्या अकोल्यात एवढं बी नाई का?" हे तो मुद्दाम म्हणाला. अमरावतीची माणसं अकोल्याला टोमणा मारायची संधी सोडत नाहीत, आणि मी तर दोन्हीकडची, म्हणजे मला दोन्हीकडून.

परत येऊन आमच्या भागातला केबलवाला गाठला. पोटाशी पक्कड खोचलेला, कायम घाईत असलेला माणूस. त्यानं वर बघत गल्ली मोजली.

"वहिनी, लाइन येते, पैसे बी कमी लागतीन. पन डब्बा त्या फुलवाल्या मावशीकडे बसवा लागते. त्यायनं हो म्हटलं पाहिजे."

मावशींकडे गेले. त्यांना फुकट नेटचं काही कौतुक नव्हतं, त्यांचा फोन नुसता नंबर फिरवण्यापुरता. मी सगळं सांगितलं, पुण्याचं काम, चारची वेळ, मालक, कव्हरवाला. किल्लीही दाखवली. का दाखवली कोण जाणे. मावशींनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत देत म्हणाल्या, "बसवा बापा डब्बा. आपल्या घरात जागाच जागा हाय. तुमची खोली नाई जाऊ द्याची."

एक मे ला नेट सुरू झालं. जेवणाच्या डब्याएवढी पेटी मावशींच्या आतल्या खोलीत भिंतीवर बसली, तिच्यातून वायर दोन गच्च्या ओलांडून माझ्या खिडकीत, आणि माझ्या टेबलावरच्या छोट्या यंत्रात हिरवा दिवा. साठ पानं पंधरा मिनिटांत पुण्याला. मी गल्लीत पेढे वाटले. मावशींना दोन जास्त.

तीन तारखेला दुपारी सव्वा वाजता हिरवा दिवा गेला.

चार वाजता आला. काम पुण्याला पोचलं साडेचारला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. एक ते चार नेट गायब, चारच्या ठोक्याला हजर. मी दोन वाजता केबलवाल्याला फोन करायचे, तो यायचा पाचला, तेव्हा सगळं झकास चालू. मे महिन्यात अकोल्यात दुपारी एक ते चार कोणी कोणाच्या घरी जात नाही. दुकानांची दारं ओढलेली असतात, कुत्री नालीत बसतात, आणि कूलरच्या घरघरीखाली अख्खं गाव झोपतं. केबलवालाही झोपायचा. माझं तर डोकं त्या वेळेला सगळ्यात जास्त तापलेलं.

"भाऊ, तुमी दुपारी मुद्दाम बंद करता काय? झोप मोडू नये म्हनून?" पारा चढला की माझी सगळी शुद्ध भाषा गळून पडते.

"वहिनी, देवाशपथ! मी काहून बंद करू? इकडून सगळं चालू असते."

"मग माझ्या खोलीत भूत हाय काय?"

तो सावकाश म्हणाला, "खोलीचं तोंड दक्षिणेले हाय ना." तो जिन्यावरून खाली जाईपर्यंत मी त्याला झाडत होते. त्यानं वायर बदलली, टोकं बदलली, शेवटी माझ्या टेबलाची जागाही बदलली. मी रोज नवे शब्द शोधायचे आणि तो रोज मान खाली घालून ऐकून घ्यायचा. रोज फोनचं नेट खिडकीच्या गजाला बांधून निम्मं काम पाठवायचे, उरलेलं चारनंतर.

बाराव्या दिवशी पुण्याच्या बाईंचा फोन आला. त्या कधीच आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते. "आपलं भाषांतर उत्तम आहे. पण रोजचा अर्धा तास आम्हाला जड जातोय. यापुढे एकदाही उशीर झाला, तर मात्र आपल्याला थांबावं लागेल." मी "हो, नक्कीच, क्षमस्व" असं अगदी पुणेरी बोलले आणि फोन ठेवून टेबलावर डोकं टेकलं. पर्समधली किल्ली काढून समोर ठेवली. रडू आलं. खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता दिवा गेला तशी मी उठले. डोक्याला स्कार्फ गुंडाळला, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकला आणि आमच्या वायरच्या मागे निघाले. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वर बघत, डोळे किलकिले करत एक गच्ची, दुसरी गच्ची, आणि वायर शेवटी मावशींच्या खिडकीत शिरली. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत अंधार, गारवा. मावशी कूलरसमोर फरशीवर पदर घेऊन गाढ झोपलेल्या. भिंतीवरच्या डब्याचा एकही दिवा लागलेला नव्हता. बटण बंद, आणि डब्यावर एक स्वच्छ सुती फडकं, चारी बाजूंनी नीट खोचलेलं.

मी तिथेच मटकन बसले. मावशींना जाग आली.

"मावशी, हा डबा कोणी बंद केला?"

"मीनंच. काहून?"

"रोज?"

"रोज म्हंजे काय! जेवण झालं का बंद करतो, चाय ठेवला का चालू करतो. हात लावून पाहा ना, असा तापते तो! तुमीच तं सांगतलं व्हतं, गरम झाला का बंद करून ठेवा, आराम द्या. म्या म्हटलं, वकिलीनबाईचा डब्बा हाय, खराब नाई झाला पाहिजे. दिवसभर राबते तो बी. त्याले दुपारची झोप नको?"

राग यायला हवा होता. आला नाही. मी हसायला लागले, इतकी की मावशी घाबरल्या. मग हसू थांबल्यावर त्यांना नीट सांगितलं की हा डबा फोनसारखा नाही, याला झोप नको, याला तापलेलंच राहू द्यायचं, आणि हा झोपला की माझी खोली जाते. मावशींचा चेहरा उतरला. "म्हंजे तुमचं काम माझ्यामुळं..." मी म्हटलं, नाही, माझ्यामुळं. आणि ते खरंच होतं.

संध्याकाळी केबलवाला आला. मी खाली मान घालून सगळं सांगितलं आणि माफी मागितली. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "वहिनी, म्हंजे दक्षिण नाई?" मी म्हटलं, नाही भाऊ, दक्षिण नाही. त्यानं चहा दोन कप घेतला. तेवढा त्याचा हक्कच होता.

त्यानंतर उशीर झाला नाही. मावशींनी बटणावर पट्टी चिकटवली. तरी डब्याची काळजी त्यांची गेली नव्हती. गल्लीतून जाताना हाक मारायच्या, "आज लय तापला हो, पन म्या हात नाई लावला!" घरात ताप आलेल्या लेकराची बातमी द्यावी तशी.

मे महिन्याचा शेवटचा दिवस. अमरावतीहून दोन भाऊ जाडजूड बाड घेऊन आले, शंभरावर पानं. मी जेवणही केलं नाही. पावणेतीनला भाषांतर संपलं, पाठवायला लावलं, आणि गल्लीत कुठेतरी ठो असा आवाज झाला. ट्रान्सफॉर्मर गेला. पंखा थांबला, गल्लीतले कूलर थांबले. माझा लॅपटॉप बॅटरीवर होता, टेबलावरच्या यंत्रालाही छोटी बॅटरी होती, पण मावशींचा डबा भिंतीवरच्या साध्या प्लगवर. संपलं, मी म्हटलं. हिरव्या दिव्याकडे बघवेना.

दिवा गेला, क्षणभर. आणि परत आला.

मला कळेना. पानं जात होती. चाळीस, साठ, नव्वद. घामाचे थेंब टेबलावर पडत होते आणि मी कागद आवरायलाही हलत नव्हते. तीन वाजून वीस मिनिटांनी सगळं पोचलं. पावणेचारला पुण्याच्या बाईंचा फोन आला. "वेळेत मिळालं. पुढच्या महिन्यापासून आपण कायम काम करूया." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. वऱ्हाडीत दिलं असावं, कारण त्या पहिल्यांदा हसल्या.

किल्ली मुठीत घेऊन मी जिना उतरले, स्कार्फ न बांधता. अख्ख्या गल्लीत वीज नव्हती. मावशींचं दार ढकललं.

आत भट्टी झाली होती. कूलर बंद, फुलांच्या पाट्यांवर ओलं पोतं. मावशींच्या घरी एक लहानसा इन्व्हर्टर होता, त्याच्यावर एकच प्लग, आणि लाइट गेली की त्या प्लगवर त्यांचा टेबलफॅन चालायचा. टेबलफॅनची वायर काढून जमिनीवर टाकलेली होती. त्या जागी डब्याची वायर. मावशी स्टुलावर उभ्या, पातळ घामानं पाठीला चिकटलेलं, आणि हातातल्या वेताच्या पंख्यानं भिंतीवरच्या त्या डब्याला वारा घालत होत्या.

"गेलं काय सगळं?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"गेलं, मावशी. खोली राहिली."

"मंग बरं झालं." पण हात थांबला नाही. "बंद तं करता येत नाई, म्हटलं वारा तरी घालू. केवढा तापला पाहा."

मी त्यांना हाताला धरून खाली उतरवलं, फरशीवर बसवलं, पंखा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्यांना वारा घालायला लागले. डोळे भरून आले होते, पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात पंखा, दुसऱ्यात किल्ली.

मावशींनी माझं मनगट धरलं आणि पंखा भिंतीकडे वळवला.

"मले काहून? त्याले घाला ना."